लढाई जिंकलो, तहात कुठे होतो?

(वाराणसीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका छोट्या बैठकीत जानेवारी महिन्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आपण इथे वीस-बावीस जण आहोत. बहुतेकांच्या घरात आपणच पहिले पदवीधर. मीही त्यातलीच. माझे वडील दहावी नापास, आई चौथीपर्यंत. त्यामुळे आज मी मोठा सिद्धांत मांडायला उभी नाही. एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

तो प्रश्न मला या शहरात आल्यानंतर विचारला गेला. एका चर्चासत्रात माझा निबंध वाचून झाला, चहा सुरू झाला. एक वरिष्ठ संशोधक जवळ आले. चांगलं बोलत होते. मध्येच हसत म्हणाले, "आप लोग तो अंग्रेज़ों की तरफ़ से लड़े थे न?" संदर्भ भीमा कोरेगावचा होता. मी काहीतरी उत्तर दिलं. पण रात्री झोप लागेना. उत्तर चुकलं म्हणून नाही. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःचे पूर्वज त्या काळात काय करत होते, हे कधीच सांगावं लागत नाही, आणि मला मात्र दोनशे वर्षांपूर्वीचा हिशेब चहाच्या कपासोबत द्यावा लागतो, हे मला टोचत होतं.

मग ठरवलं, हिशेबच काढायचा ना, तर पूर्ण काढू. सगळ्यांचा काढू.

त्याची सुरुवात याच शहरातून करता येते. तुम्ही घाटांवर फिरायला जाता. नावं आठवा. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट. राजघाट वेगळा आणि राजाघाट वेगळा, त्या राजाघाटाच्या दगडी बांधणीशी अमृतराव पेशव्यांचं नाव जोडलेलं आहे. ज्ञानवापी विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप 1828 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या विधवा बायजाबाईंनी बांधला. अस्सीजवळ भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान म्हणून स्मारक आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे इथे होते, कारण ते चिमाजी अप्पांच्या पदरी होते. हे चिमाजी अप्पा म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे धाकटे भाऊ. पेशवाई गेल्यावर ते काशीत येऊन राहिले आणि 1830 मध्ये इथेच वारले.

म्हणजे बघा, पेशवाई हरली पुण्यात आणि तिचं एक बिऱ्हाड स्थिरावलं इथे, गंगेच्या काठावर. या शहरात मराठी इतिहास जागोजागी दगडात कोरलेला आहे. फक्त तो कोणाचा आहे, एवढंच विचारायचं.

आता थोडा क्रम सांगते. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव वसईला पळाला आणि 31 डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. कंपनीची फौज पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीला विचारून करायचा, असा तो तह. स्वराज्य इंग्रजांच्या हवाली करणारी पहिली मोठी सही कोरेगावच्या शिपायाची नव्हती. ती पेशव्याची होती, आणि कोरेगावच्या 15 वर्षं आधीची होती.

बाजीराव पळाल्यावर होळकरांनी पुण्यात ज्यांना पुढे केलं ते हेच अमृतराव, बाजीरावाचे दत्तक भाऊ. 1803 मध्ये त्यांनीही इंग्रजांशी करार केला. वर्षाला सात लाख रुपयांची नेमणूक घेतली आणि उत्तरेत आले. 1824 मध्ये काशीत वारले.

पंधरा वर्षांनी बाजीराव इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली आणि 1 जानेवारी 1818 ला कोरेगावची. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली आठशेच्या वर माणसं होती. त्यात मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई, बाकी घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे थोडे गोलंदाज. पलीकडे पेशव्याची कितीतरी पटीने मोठी फौज. दिवसभर गावात लढाई झाली. रात्री पेशव्याची फौज निघून गेली. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून 275 जण. 1821 मध्ये तिथे स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कोरलेल्या नावांत 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही महार सैनिकांची नावं.

इथे आपणही प्रामाणिक राहायला हवं. त्या पलटणीत फक्त महार नव्हते. मराठे होते, मुसलमान होते, इतरही होते. पेशव्याच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब होते, गोसावी होते. त्या एका दिवसाने पेशवाई संपली असंही नाही. बाजीराव पुढे पाच महिने पळत होता. 3 जून 1818 ला तो जॉन माल्कमला शरण गेला. आणि ते शिपाई जातिअंताचा जाहीरनामा खिशात घेऊन लढायला गेले होते, असंही मी म्हणणार नाही. ते पगारासाठी गेले. पण पगार या शब्दावर जरा थांबा. ज्या माणसाला गावात बलुतं मिळतं, तेही ज्याच्या-त्याच्या मर्जीने, उरलंसुरलं, वेठबिगार करून, त्याच्या हातावर महिन्याच्या महिन्याला रोख नाणं पडतं. त्याचं नाव हजेरीपटावर चढतं. गणवेश मिळतो. त्याच्या हातात बंदूक येते आणि ती धरू नकोस असं सांगायला गावचा कोणी येत नाही. आपल्याला पहिली शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा काय वाटलं होतं, ते आठवा. त्यावरून थोडा अंदाज येईल.

आता हिशेब. आपल्या मराठीत म्हण आहे, लढाईत जिंकले आणि तहात हरले. माझं आजचं सगळं भाषण या म्हणीत आहे.

बाजीराव लढाई हरला. त्याला काय मिळालं? कानपूरजवळ बिठूरला जहागीर आणि वर्षाला आठ लाख रुपये तनखा. तो 1851 च्या जानेवारीत वारला. म्हणजे 32 वर्षं धरली तरी अडीच कोटींच्या वर रुपये. दुसरा आकडा शेजारी ठेवा. 1813 च्या सनदी कायद्यात ब्रिटिश संसदेने कंपनीच्या ताब्यातल्या सगळ्या मुलखातल्या शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये ठेवायला सांगितले होते. एका हरलेल्या पेशव्याला आठ लाख आणि कंपनीच्या सगळ्या रयतेच्या शिक्षणाला एक लाख!

बरं, पेशवा गेला, पण पेशवाईची व्यवस्था गेली का? पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. कंपनीने ती बंद केली नाही. रक्कम कमी केली, पण वर्षाला 50,000 रुपये चालू ठेवले. 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत शास्त्रं शिकवणारं हिंदू कॉलेज उघडलं, आणि ते ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होतं. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने 1820 च्या दशकात शिक्षणावर एक टिपण लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की मिशनऱ्यांना खालच्या जातींची मुलं सर्वांत हुशार आढळतात, पण त्यांना खास उत्तेजन देताना जपून राहावं, नाहीतर वरचे लोक आपल्या शाळांकडे पाठ फिरवतील. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे शिक्षणाबद्दलचं निवेदन दिलं, त्यात हे टिपण पुढे काढलं. त्याच निवेदनात 1856 ची धारवाडची हकिगत आहे. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि सरकारने तो दिला नाही. कोरेगावला 38 वर्षं झाली होती.

म्हणजे कोरेगावला ज्यांनी जीव दिला त्यांच्या वाट्याला स्तंभावरचं नाव आलं. ज्यांच्याविरुद्ध ते लढले त्यांच्या वाट्याला तनखा, दक्षिणा, कॉलेज आणि इथले घाट आले. कारण पुढची घडी बसवायला जे बसले त्यांच्यात आपलं कोणी नव्हतं. राज्य चालवायला कंपनीला कारकून हवे होते, शास्त्री हवे होते, खातेदार हवे होते. लढाई संपल्यावर बंदूकवाल्याची गरज संपते आणि लेखणीवाल्याची सुरू होते.

त्या बंदुकीचं पुढे काय झालं तेही बघा. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जमाती' नावाचं नवं शास्त्र निघालं होतं, त्यात आपण बसत नव्हतो. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केलं. पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं आणि 1921 मध्ये ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की दार उघडायचं, गरज संपली की लावून घ्यायचं.

हे फक्त आपल्याकडे घडलं का? या ठिकाणी मला समुद्रापलीकडे जायचंय. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. तेव्हा हा रस्ता आपल्या लोकांनी आधीच पाडलेला आहे.

कोरेगावच्या लढाईच्या काळातली अमेरिका घ्या. नवं प्रजासत्ताक. सगळी माणसं समान, असं जाहीर करून स्थापन झालेलं. पण 1792 च्या कायद्याने नागरिकांच्या सेनेत नाव घालायचं ते फक्त गोऱ्या पुरुषांचं. 1812 मध्ये ब्रिटनशी युद्ध सुरू झालं. 1814 मध्ये न्यू ऑर्लिन्स शहर धोक्यात आलं, तेव्हा जनरल अँड्र्यू जॅक्सनने तिथल्या स्वतंत्र काळ्या लोकांना जाहीर आवाहन केलं, की सैन्यात या, गोऱ्या सैनिकाला मिळतं तेच तुम्हाला मिळेल, 124 डॉलर आणि 160 एकर जमीन. ते आले. 8 जानेवारी 1815 च्या लढाईत त्यांच्या दोन पलटणी लढल्या. अमेरिका जिंकली. जॅक्सन राष्ट्रीय वीर झाला.

आणि गंमत बघा. ती लढाई झाली तेव्हा तह आधीच झालेला होता! 24 डिसेंबर 1814 ला युरोपात घेंट इथे सह्या झाल्या होत्या, फक्त बातमी पोचायची होती. लढणारे इकडे मरत होते आणि कागद तिकडे तयार होता. पाचच वर्षांत, 1820 मध्ये, अमेरिकी सैन्याने हुकूम काढला की यापुढे काळ्या माणसाची भरती करायची नाही. 1821 मध्ये न्यूयॉर्क राज्याने नवी घटना केली. गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली आणि काळ्या पुरुषांसाठी 250 डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. इतिहासाच्या पुस्तकांत या काळाला लोकशाहीच्या विस्ताराचा काळ म्हणतात. विस्तार झाला, पण कोणाला ढकलून झाला, तेही त्याच कागदात लिहिलेलं आहे.

मूळनिवासींचं त्याहून वाईट झालं. मार्च 1814 मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत चेरोकी योद्धे याच जॅक्सनच्या बाजूने लढले. जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1830 मध्ये त्याने मूळनिवासींना हाकलण्याच्या कायद्यावर सही केली. 1838 मध्ये चेरोकींना बंदुकीच्या धाकावर घराबाहेर काढून शेकडो मैल चालवत नेलं. हजारो माणसं मेली.

आता त्या संशोधकांचा प्रश्न. इंग्रजांकडून लढलेले लोक. 1814 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल कॉक्रेनने जाहीर केलं, की जे अमेरिका सोडून आमच्याकडे येतील त्यांना सैन्यात घेऊ किंवा दुसरीकडे वसवू. व्हर्जिनिया-मेरीलंडच्या मळ्यांवरचे तीन हजारांहून जास्त गुलाम बायकापोरांसह रात्री होड्यांतून ब्रिटिश जहाजांवर गेले. त्यातले काही गणवेश घालून आपल्या जुन्या मालकांविरुद्ध लढले. युद्धानंतर त्यातले बरेच त्रिनिदादला वसले. त्यांचे वंशज आजही स्वतःला 'मेरिकिन' म्हणवतात.

ते गद्दार होते का? कोणाशी गद्दारी? ज्या देशाने त्यांना माणूस मानलं नाही, बाजारात विकलं, त्या देशाशी? जे घर तुम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवतं, त्या घराचं रक्षण केलं नाही म्हणून तुम्हाला जाब विचारायचा, हे कुठल्या न्यायात बसतं? मला त्या रात्री हेच सुचलं नव्हतं.

पण तेवढ्यावर थांबलो तर ते ब्रिटिशांचं कौतुक होईल, आणि मला ते करायचं नाही. ब्रिटिश तेव्हा कॅरिबियन बेटांवर स्वतः गुलामांचे मालक होते. युद्धानंतर पळालेल्या गुलामांचा वाद चालला, तो कसा मिटला? 1826 मध्ये ब्रिटनने सुमारे 12 लाख डॉलर दिले. कोणाला? गुलामांच्या मालकांना. 1833 मध्ये ब्रिटनने आपल्या वसाहतींतली गुलामी संपवायचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. तीही मालकांना. ज्यांनी पिढ्यानपिढ्या फुकट राबून दिलं त्यांना छदामही नाही. बिठूरचे आठ लाख आठवा. हिशेब तोच आहे.

म्हणून मी म्हणते, इंग्रजांनी आपल्याला मुक्त केलं असंही नाही आणि आपण देश विकला असंही नाही. आपण लढलो. तह दुसऱ्यांनी लिहिला.

मग आपल्या हाताने तह कधी लिहिला गेला? रामजी सुभेदार सैन्यातल्या शाळेत शिक्षक होते. सैन्यामुळे लेखणी घरात आली. महूच्या छावणीत 1891 मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला, भरती बंद व्हायच्या सुमारास. 1 जानेवारी 1927 ला ते कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला गेले. स्तंभावरून ते थेट तळ्यावर गेले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शौर्य आठवायचं ते पाण्यावरचा हक्क मागण्यासाठी. आणि 20 वर्षांनी ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. कलम 15, 16, 17. या देशात पहिल्यांदा तहाच्या मेजावर आपला माणूस बसला, तोही लेखणी हातात घेऊन.

ते कलम लिहून काम संपलं का? याच शहराकडे बघा. बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्राध्यापक भरतीच्या जाहिरातीवरून एक खटला उभा राहिला. एप्रिल 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ठरवलं, की आरक्षण मोजताना अख्खं विद्यापीठ हा घटक धरायचा नाही, एकेक विभाग धरायचा. वाचताना किती साधी तांत्रिक गोष्ट वाटते! 13 बिंदूंच्या त्या रोस्टरमध्ये ओबीसींची पहिली जागा चौथी, अनुसूचित जातीची सातवी आणि अनुसूचित जमातीची चौदावी. ज्या विभागात सहाच जागा आहेत, तिथे आपली पाळी कधी यायची? कलम 16 तसंच होतं. त्यातला एक शब्दही बदलला नव्हता. फक्त मोजायची रीत बदलली होती.

मार्च 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला. देशभर विद्यार्थी-शिक्षक रस्त्यावर आले. 5 मार्च 2019 ला भारत बंद झाला, दोन दिवसांनी अध्यादेश निघाला आणि जुलैमध्ये कायदा झाला. विद्यापीठ पुन्हा घटक झालं. यात रस्त्यावरच्या लोकांचा वाटा मोठा आहेच. पण ज्यांनी त्या आधी बसून रोस्टरचे बिंदू मोजले, तक्ते केले, हे आपल्याला समजेल असं लिहून काढलं, त्यांच्याशिवाय रस्त्यावर येणाऱ्यांना कशासाठी यायचं ते कळलं नसतं. आजचे तह असे होतात मित्रांनो. परिपत्रकात, तळटिपेत, 'घटक' या एका शब्दात.

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर. आपल्याला मेहनत कोणी शिकवायला नको. आपली माणसं जन्मभर तेच करत आली. आपल्याला शिकायचंय ते कागद वाचायला. विभागाचं रोस्टर मागून घ्या, तो आपला हक्क आहे. शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल झाला तर तो छापून आलेला मूळ कागद वाचा, व्हॉट्सॲपवर आलेला सारांश नको. समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून नाव सुचवलं तर 'मला काय कळतंय' म्हणून मागे सरकू नका. मी सरकले होते, दोनदा. त्या समितीने काय ठरवलं ते मला नंतर सूचनाफलकावर वाचावं लागलं.

1956 च्या नोव्हेंबरात, महापरिनिर्वाणाच्या थोडेच दिवस आधी, बाबासाहेब काठमांडूहून परतताना या शहरात आले होते. प्रकृती ढासळलेली. तरी सारनाथला गेले आणि इथल्या विद्यार्थ्यांपुढे बोलले. त्या दिवशी समोर बसलेल्यांत आपल्या घरातलं कोणी असण्याची शक्यता कमीच. आज आपण वीस-बावीस जण आहोत.

तेव्हा कोणी चहाच्या वेळी तो प्रश्न विचारला, तर चिडू नका. शांतपणे सांगा, हो, लढले होते. आणि मग विचारा, वसईच्या तहावर सही कोणाची होती? आठ लाख कोणाला मिळाले? धारवाडच्या त्या मुलाला शाळेत कोणी घेतलं नाही?

त्या मुलाचं नाव माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही. स्तंभावर निदान नावं तरी आहेत. त्याने अर्ज केला होता, एवढं मात्र सरकारी कागदात आहे. माझ्या लेखी तोही एक लढलेला माणूस आहे, आणि आपण त्याच्या अर्जावरचं उत्तर आहोत.